बेटावरून बदली

उजनी धरणाचं पाणी वाढलं की आमच्या वस्तीचं बेट व्हायचं. उन्हाळ्यात पाणी मागं सरायचं, गाळातून एक कच्चा रस्ता वर यायचा आणि दोन-तीन महिने मोटारसायकली जायच्या-यायच्या. उरलेलं वर्ष होडी. मी सोलापूर शहरात वाढलेली. या वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत नेमणूक झाली तेव्हा घरचे म्हणाले, हवा तरी चांगली मिळेल. हवा चांगलीच होती. नको तितकी होती.

तिथल्या प्रत्येक गोष्टीवर मी कुरकुरायचे. होडीला वेळ असा नव्हता, ती भरली की निघायची. भरायची म्हणजे माणसं, दोन मोटारसायकली, दुधाचे कॅन, एखादी शेळी. मी काठावर उभी राहून घड्याळ बघायचे आणि होडीवाले मामा निवांत तंबाखू मळत बसायचे. "कधी निघायचं, मामा?" असं विचारलं की म्हणायचे, "निगू की." हिवाळ्यात शहरातली मंडळी रोहित पक्षी बघायला यायची, तेव्हा तर होडी त्यांच्याच दिमतीला. पाण्यावरून चिलटं यायची ती थेट वरणाच्या वाटीत पडायची. आणि पलीकडून मी काय आणलं हे पिशवी घरी पोचायच्या आत सगळ्यांना ठाऊक असायचं. एकदा डोकेदुखीच्या गोळ्या आणल्या, तर संध्याकाळी तीन बायका सुंठ उगाळून घेऊन दारात.

मी शाळेजवळ एका खोलीत भाड्यानं राहत होते. घरमालकीण साठीच्या, सगळे त्यांना आक्का म्हणत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी होडीनं पलीकडे जायचे, जीपनं टेंभुर्णी आणि तिथून एसटीनं सोलापूर. नवरा आणि मुलगी तिकडेच. सोमवारी पुन्हा उलटा प्रवास.

चौथ्या वर्षी बदल्यांचे ऑनलाइन अर्ज सुरू झाले. शेवटचा दिवस नेमका शनिवार होता. नवरा म्हणाला, घरी ये, दोघं बसून शाळा निवडू आणि भरू. वस्तीवर मोबाइलला रेंज मिळायची नाही, त्यामुळे मीही तेच ठरवलं. त्या आठवड्यात मला एका जागी बसवत नव्हतं. फळ्यावर गणित लिहिताना मधेच थांबायचे आणि मनात शाळांची यादी लावायचे.

शनिवारी काठावर आले तर होडी बांधलेली. पाण्यावर लाटा उठत होत्या. मामा आणि दोन बायका झाडाखाली बसले होते.

"मामा, आज मला जायलाच हवं."

"वारं हाय, बाई. पडू द्या जरा."

एक तास गेला, दुसरा गेला. मी काठावर येरझाऱ्या घालत होते. शेवटी माझा तोल गेला. म्हणाले, "तुमचं काय जातंय, मामा. तुमचा जन्म या काठावर बसण्यातच गेला. माझा कशाला घालवताय?"

मामांनी तंबाखू थुंकली आणि शांतपणे विचारलं, "बाई, मला पवता येतं. तुमाला येतं का?"

"नाही."

"मंग बसा."

मी बसले नाही. तरातरा खोलीवर आले. आक्का अंगणात शेंगा निवडत होत्या. त्यांना सगळं सांगितलं, बदलीचंही. त्या शेंगांचं सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "कडब्याच्या गंजीवर चढा. जावई आला की तितनंच बोलतो."

त्यांनी शिडी धरली. मी पदर खोचून गंजीवर चढले आणि खरंच फोनला दोन काड्या आल्या. नवऱ्यानं तिकडे लॅपटॉप उघडला. माझ्या फोनवर येणारा ओटीपी मी ओरडून सांगायचा. पहिला वाऱ्यात ऐकू गेला नाही, मुदत संपली. दुसऱ्या वेळी जमलं. मग शाळांची नावं, एकेक, दोन-दोनदा ओरडून. अर्ज गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी खाली पाहिलं. अर्धी वस्ती गंजीभोवती उभी होती.

चारच्या सुमारास मामा स्वतः दारात आले. "वारं पडलं. चला."

होडीत बसल्यावर मी म्हणाले, "मामा, मघाशी जरा जास्तच बोलले मी."

"वाऱ्यात समदीच कावत्यात," ते म्हणाले. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, "टेंभुर्णी कशाला मागितली? लई धूळ हाय तितं."

सोमवारी वर्गात पहिलीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमी जाणार व्हय?" अजून काही नक्की नाही, असं म्हणून मी पाढे म्हणायला लावले. त्यानंतरचे महिने वाईट गेले. कुणी काही बोलायचं नाही, पण मी पाहुणी असल्यासारखे सगळे जपून वागायला लागले. माझ्या पिशवीत काय आहे हेही कुणी विचारेना. मला त्याचाही राग यायचा.

ऑर्डर उन्हाळ्यात आली. सोलापूरच्या हद्दीजवळची शाळा मिळाली. पाणी उतरलेलं होतं, कच्च्या रस्त्यानं टेम्पो दारापर्यंत आला, सामान चढलं. वस्तीतले सगळे आले, आक्का आल्या नाहीत. मी त्यांच्याकडे गेले तर चुलीपुढे पाठ करून बसल्या होत्या.

"आक्का, येते मी."

"मीच येडी," त्या म्हणाल्या. "गंजीवर मीच चढवलं की तुमाला."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी पाठीवर हात ठेवला, पण वळून पाहिलं नाही. मी निघाले तेव्हा आनंद व्हायला हवा होता, इतकं मात्र सारखं मनात येत होतं.