पाच घरांचे नंबर

विनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी फुलसावंगीच्या एका काकांचा अर्ज भरत होते. फोन त्याच्या बायकोचा, अर्चनाचा. ऑफिसला निघताना पुण्याच्या घराच्या जिन्यातच तो बसला आणि उठलाच नाही, एवढंच तिला सांगता आलं. मी "बरं" म्हणाले. बरं... हा काय बोलायचा शब्द झाला? पण तोच निघाला. मग काकांची पावती काढून दिली, कॉम्प्युटरवरचं पान पूर्ण बंद केलं, नव्यानं उघडलं आणि पुढच्या माणसाला नाव विचारलं. त्याच्या मागच्यानं विचारलं, "बाई, रडून काहून राह्यल्या?" तेव्हा मला कळलं की मी रडतेय.

विनू माझा मावसभाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान. उमरखेडला आमची घरं समोरासमोर होती आणि दोघांचेही वडील कचेरीत कारकून, त्यामुळे रॉकेलच्या रांगेत उभं राहायला घरात मोठं माणूस मोकळं नसायचं. ते काम विनूनं आपणहून अंगावर घेतलं, आणि आमच्याच दोन घरांचं नव्हे, गल्लीतल्या पाच घरांचं. सकाळी दुकानापुढे नंबर लावायला तो पाच वस्तू मांडायचा. आमची निळी कॅन, त्याच्या घरचं पत्र्याचं डबडं, कुणाची चप्पल, कुणाची पिशवी, आणि सावित्रीकाकूंच्या नावाची एक वीट. मी चिडवायची, की पाचही विटाच ठेव ना, वजन कशाला वाहतोस? तर हा गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "पाची विटा सारख्या दिसल्या त दुकानदार एकच मानूस समजते, ताई." दुकानदाराशी भांडण्यात मात्र त्याचा उपयोग शून्य. ते खातं माझ्याकडे होतं.

पुढे तो पुण्याला गेला. तिथे नेमकं काय करतोस असं मी दर दिवाळीला विचारायची आणि दर दिवाळीला विसरायची. शेवटी एकदा त्यानं रॉकेलच्या रांगेचाच दाखला देऊन सांगितलं. एखादी वेबसाइट लोकांसाठी उघडण्याआधी ती गर्दी झेपवेल का हे पाहायचं, म्हणून तिच्यावर हजारो खोटी माणसं सोडायची. प्रत्येक माणसाच्या मागणीच्या डोक्यावर चार ओळी असतात, कोण विचारतंय, कुठल्या मशीनवरून, आणि आत शिरताना मिळालेलं टोकन कोणतं. त्याला हेडर म्हणतात. सगळ्यांना एकच हेडर चिकटवलं तर साइटला वाटतं एकच माणूस पुन्हा पुन्हा विचारतोय, आणि ती तयार उत्तर देऊन मोकळी होते. परीक्षा पास, आणि खऱ्या दिवशी सगळं ठप्प. म्हणून विनू स्क्रिप्ट लिहायचा, म्हणजे ही खोटी माणसं चालवणारी कॉम्प्युटरची सूचनावली. तिच्यात प्रत्येक खोटा माणूस स्वतःचं टोकन घेई, पुढच्या मागणीवर तेच लावी, ते जुनं झालं की नवं घेई. "म्हणजे अजून विटाच मांडतोस," मी म्हटलं. त्याला ते फार आवडलं होतं.

मग ते बोंडअळीचं साल आलं. बोंडं फोडली की आत अळी. जो काही कापूस हाती लागला तो विकायचा तर आधी ऑनलाइन नोंदणी हवी, आणि सरकारी खरेदीत नोंदणीच्या क्रमानं कापसाच्या गाड्या घेणार. माझं अर्ज भरून देण्याचं केंद्र बसस्टँडजवळ, दिवसाला चाळीस-पन्नास माणसं. पहिल्याच आठवड्यात दौलतराव नावाच्या शेतकऱ्याची नोंदणी त्यांच्या आधी बसून गेलेल्या माणसाच्या नावावर निघाली. मग आणखी दोघांची. मी तीन-तीनदा नाव वाचून दाखवायची, तरीही. बाई ओळखीच्यांना पुढे काढते असं बोललं जाऊ लागलं. ज्यांच्या लेकरांचे शाळेचे अर्ज मी भरले ते लोक माझ्याकडे बघेनासे झाले, आणि केंद्र बंद का करू नये अशी कचेरीतून नोटीस आली. सतरा वर्षांची माझी खुर्ची. मी विनूला फोन केला आणि फोनवर नुसतीच रडले.

तो दुसऱ्या दिवशी आला. माझ्याशेजारी स्टूल टाकून दोन दिवस बसला, मी काय करते ते पाहत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं रांगेकडे पाहिलं, मग माझ्या एकुलत्या एका कॉम्प्युटरकडे.

"ताई, तुही चूक नाही. माही आहे. हे साइट मीच तपासलती."

त्यानं त्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक शेतकऱ्याला वेगळं मशीन दिलं होतं. इथे चाळीस माणसं एकाच मशीनवर येत होती, आणि साइट मशीन ओळखीचं दिसलं की कधीकधी नव्या माणसाला आधीच्याचंच टोकन देत होती. त्याच्या खोट्या गर्दीत हे कधी घडलंच नाही.

"पाच घराचे नंबर मी एकटाच लावत होतो ना, ताई... डबडे याद राह्यले. लावनारा एकच होता, थेच इसरलो."

साइट सुधारेपर्यंत प्रत्येक माणसानंतर पान पूर्ण बंद करून उघडायचं, म्हणजे जुनं टोकन पुसलं जातं, एवढी युक्ती त्यानं मला शिकवली. मग कचेरीला द्यायला कागद लिहिला. चूक केंद्राची नाही, तपासणीची आहे, आणि तपासणी मी केली. खाली स्वतःचं पूर्ण नाव. मी हात धरला. "कायले लिहून देतं? नोकरीवर येईन तुह्या."

"थे माह्यावर सोड. तुह्या खुर्चीवर कोनी नसलं त या लोकायनं जायचं कुठं?"

नोटीस मागे घेतली गेली. दौलतरावांचं नाव दुरुस्त झालं आणि ते पेढे घेऊन आले. विनूला काही झालं का, असं मी दर फोनला विचारायची. तो म्हणायचा, काही नाही, मजेत आहे. मी विश्वास ठेवला, कारण तो माझ्या सोयीचा होता.

तेराव्याला पुण्याला गेले तेव्हा त्याच्या हाताखाली काम केलेल्या एका मुलीनं सांगितलं की त्या कागदानंतर विनूसरांना मोठ्या कामांवरून काढलं होतं. वर्षानुवर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका निस्तरल्या. अर्चनाला माहीत होतं. मला सांगायचं नाही अशी शपथ होती. ती मुलगी पुढे म्हणाली, "पण त्यांची एक स्क्रिप्ट आम्ही अजून वापरतो. एका मशीनवर चाळीस माणसं येतात. हेडरमध्ये त्या मशीनचं नाव शोभाताई आहे. आम्हाला वाटायचं, असंच काहीतरी ठेवलंय." मी तिला म्हटलं, शोभाताई मीच.

मला विनूवर रागवायचं होतं. चांगलं उभं-आडवं झापायचं होतं, की माझी खुर्ची वाचवताना स्वतःची घालवलीस आणि सांगितलंही नाहीस. ते राहून गेलं.

ती साइट कधीच सुधारली. आता पान बंद करायची गरज नाही, तरी मी प्रत्येक माणसानंतर करते. रांगेतले कुरकुरतात, बाई, कायले बंद करता दरवेळी? पान पुन्हा उघडायला चार-पाच सेकंद लागतात. रांगेतला तेवढा नंबर विनूचा.