चूक माझी, बोल मुजावरसाहेबांना

श्री. दस्तगीर मुजावर यांची माझी पहिली ओळख झाली ती तारेने, आणि त्या तारेत त्यांनी मला नकार दिला होता. साठीच्या गौरवग्रंथात असली सुरुवात शोभत नाही, हे मला कळतं. पण ओळख झाली तशी सांगायची, असं समितीने बजावलं आहे, म्हणून तशीच सांगतो.

लढाई नुकतीच संपली होती. मी आमच्या बँकेच्या सांगली शाखेत तारेने पैसे पाठवण्याच्या टेबलावर आठवड्यापूर्वीच बसलो होतो. त्याआधी तीन वर्षं फलटण शाखेत हेच काम केलं होतं. मुजावरसाहेब सातारा शाखेत अकौंटंट होते. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं.

बँकेबाहेरच्या वाचकांसाठी कामाची रीत थोडक्यात सांगतो. मोठी रक्कम त्याच दिवशी दुसऱ्या गावी द्यायची असली की आम्ही तिकडच्या शाखेला तार करतो. तार कुणीही करू शकतो, म्हणून तारेच्या शेवटी एक आकडा घालतो. तारीख, रक्कम आणि पाठवणाऱ्या शाखेचा गुप्त अंक यांची बेरीज करून तो काढायचा. पलीकडचा माणूस तीच बेरीज करतो. जुळली तर पैसे, नाही तर नाही. शाखांचे गुप्त अंक एका कुलपातल्या पुस्तकात असतात. दर वेळी कुलूप काढायचं, पुस्तक उघडायचं, अंक बघायचा, आणि दुसऱ्याने तो तपासायचा, असा नियम आहे. मी मात्र पुस्तक उघडत नसे. अंक तोंडपाठ आहे याची मला भारी ऐट होती, आणि तपासणारे गृहस्थ माझ्या ऐटीवर भरवसा ठेवून सही ठोकत.

त्या दिवशी सकाळी पलूसकडचे एक हवालदार आमच्या काउंटरवर आले. लढाईवरून परतलेल्या अकरा जवानांनी आपली सारी पुंजी एकत्र करून आमच्याकडे ठेवली होती. साताऱ्यात लष्कर जुन्या लॉऱ्या लिलावात काढत होतं. त्यांचे म्होरके सुभेदार तातोबा पवार यांनी आदल्या दिवशी दोन लॉऱ्यांची बोली जिंकली होती. अट एवढीच, की पूर्ण रक्कम आज चारच्या आत भरायची. नाही तर लॉऱ्या मागच्या बोलीवाल्याला. "साहेब, तेवढं बिगीनं करा. सुभेदार तकडं बँकेतच बसल्यात," हवालदार म्हणाले. मी म्हटलं, "बारा वाजता पैसे हातात समजा."

तार गेली. दीडच्या सुमारास साताऱ्याहून उलट तार आली: आकडा जुळत नाही, पैसे दिलेले नाहीत.

माझं डोकंच सणकलं. पुन्हा बेरीज केली, अर्थात तोंडपाठच, आणि पुन्हा तोच आकडा आला. मी तावातावाने तार ठोकली: आकडा बरोबर आहे, पैसे त्वरित द्यावेत. हवालदार बाकावर बसून माझ्याकडे बघत होते. मी त्यांना म्हणालो, "साताऱ्याला कुणी अडेलतट्टू बसलाय." हे शब्द माझे आहेत. पुढे गावोगाव फिरले ते हेच शब्द.

तीन वाजून गेल्यावर दुसरी तार आली. त्यात दोनच शब्द होते: पुस्तक उघडा.

उघडलं. सांगलीचा अंक बघितला. मी दोन्ही वेळा फलटणचा अंक धरला होता. सांगलीच्या खुर्चीत बसून मी अजून फलटणच्याच खुर्चीत होतो म्हणा ना! दुरुस्त तार साताऱ्याला पोचली तेव्हा पाच वाजायला आले होते. मुजावरसाहेबांनी आकडा जुळवून त्याच मिनिटाला पैसे दिले. पण लॉऱ्या गेल्या होत्या.

त्या दुपारी तिकडे काय घडलं, ते मला पुढे साताऱ्याच्या कॅशिअरने सांगितलं. सुभेदार टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "आवं साहेब, तार आलीया, नाव माजं हाय, रक्कम बराबर हाय. मंग अडलंय कुटं?" मुजावरसाहेब म्हणाले, "आकड्यावर अडलंय, सुभेदार. तो जुळल्याशिवाय मला पैशाला हात लावता येत नाही." "मंग फोन लावा सांगलीला!" "फोनवर आवाज कुणाचाही असू शकतो." सुभेदार ओरडले, भांडले, शेवटी हात जोडले. मुजावरसाहेब त्यांना घेऊन लिलावाच्या अधिकाऱ्याकडे चालत गेले आणि एक तासाची सवलत मागितली. बँकेतला माणूस गिऱ्हाइकासाठी उन्हात असा अर्ज करत फिरतो, याचं मी तरी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही. अधिकाऱ्याने सवलत दिली नाही.

त्या अकरा जणांचं पुढे काय झालं? चौघे मुंबईला गिरणीत गेले, बाकीचे भावकीतल्या उसाच्या तुकड्यावर परतले. सुभेदार मात्र भेटेल त्याला सांगत सुटले, की साताऱ्याच्या अडेलतट्टू मुजावराने आमची भाकरी काढून घेतली. मुजावरसाहेबांनी हेड ऑफिसला लिहिलं ते एवढंच, की तारेचा आकडा न जुळल्याने तो जुळेपर्यंत रक्कम थांबवली. चूक कुणाची, कशी, याचा एक शब्द नाही. बँकेचा पैसा बुडाला नव्हता, म्हणून वरूनही कुणी विचारलं नाही. मीही गप्प बसलो. नवी शाखा, घरी आईवडील, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं. कारणं हवी तेवढी होती आणि मी ती सगळी वापरली.

चार महिन्यांनी माझी बदली साताऱ्याला, नेमकी त्यांच्याच हाताखाली झाली. आता आपली खरडपट्टी निघणार, या तयारीने मी गेलो. त्यांनी विचारलं, "जेवणाची सोय झाली का?" झाली नव्हती. ओळखीच्या एका बाईंकडे त्यांनी माझा डबा लावून दिला. मी शाकाहारी आहे हे त्यांनी आधीच चौकशी करून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढून ते पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. पुढची सलग दोन वर्षं रोज ठेवलं.

शेवटी मीच एकदा विषय काढला. ते म्हणाले, "मला दोनच्या आत कळलं होतं. फरक काढला, तर फलटण आणि सांगली यांच्या अंकांतला फरक बरोबर तेवढाच. नवीन माणूस फलटणहून आलाय, हेही ठाऊक होतं."

"मग दिले का नाहीत? किंवा तारेत तसं लिहायचं तरी!"

"तार चार माणसं वाचतात. त्यात फलटणचं नाव घालणं म्हणजे कुलूप उघडं टाकणं. आणि नुसता फलटणचा अंक कुणा चोराच्या हाती लागला असता, तर त्यानेही हाच आकडा पाठवला असता. तो तू की चोर, हे मी साताऱ्यात बसून कसं ठरवू? पैसे त्या अकरा जणांचे होते. अंदाजावर द्यायला ते माझे नव्हते."

हे ऐकल्यावर तरी मी सुभेदारांकडे जायला हवं होतं. गेलो नाही. मुजावरसाहेबांनी मात्र पुण्याच्या एका लिलावाची खबर त्यांना पत्राने कळवली होती. सुभेदारांनी पाकीट न फोडता परत पाठवलं. मला लाज वाटली, पण लाज वाटून कुणाचं पोट भरत नाही.

यंदा या ग्रंथासाठी वर्गणी मागायला समितीचे लोक पलूसला गेले. सुभेदारांनी त्यांना दारातूनच परतवून लावलं. ते ऐकलं आणि आणखी गप्प राहवेना. गेल्या महिन्यात मी गेलो आणि अंगणात उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सुभेदार कडबा रचत होते. हातातली पेंढी त्यांनी खाली ठेवली. मला वाटलं, आता कानाखाली बसणार.

"तुमी?" ते म्हणाले. "तीन वर्सं तुमी गप? आनि मी त्या मानसाला लय वंगाळ बोललो वं! बाजारात, लग्नात, कुटं कुटं!" मग घरात जाऊन त्यांनी पटका बांधला. "चला साताऱ्याला. आत्ताच."

मुजावरसाहेब दारातच भेटले. सुभेदारांनी पटका काढून हातात धरला. म्हणाले, "साहेब, तुमास्नी गावोगाव शिव्या दिल्या. एकदा तरी म्हनायचं हुतं, चूक माजी न्हाई म्हनून!"

मुजावरसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "सुभेदार, तेव्हा हे चोवीस वर्षांचे होते. तुमच्या शिव्या ह्यांना झेपल्या नसत्या, नोकरी सोडून पळाले असते. मला झेपल्या." आणि आत वळून घरात सांगितलं, की दोन ताटं वाढा, एक शाकाहारी.

सुभेदार जेवले. निघताना मला म्हणाले, "लिवा हे सगळं. माजं नाव घालून लिवा."

त्यांची परवानगी मिळाली. मुजावरसाहेबांची मागितली नाही; त्यांनी हा सारा मजकूर खोडला असता. ग्रंथाची एक प्रत हेड ऑफिसला जाणार आहे, याची मला जाणीव आहे. तिथून जे उत्तर येईल ते घ्यायला मी तयार आहे.

मुजावरसाहेबांची दृष्टी, पाय आणि ही ताठ मान शंभरीपर्यंत अशीच शाबूत राहो, घरी दारी त्यांना सुख मिळो, एवढंच मागणं आहे. आणि पलूसपासून साताऱ्यापर्यंत ज्यांनी ज्यांनी त्यांना बोल लावला, त्या सर्वांना माझं हात जोडून सांगणं आहे: आकडा मी चुकवला, लॉऱ्या माझ्यामुळे गेल्या. तीन वर्षं त्यांच्या नावावर राहिलेला बोल आजपासून माझ्या नावावर लिहा.