प्रमिलाचा श्वास मला पाठ होता

रविवारी सकाळी फोनवर प्रमिलाचं नाव उमटलं तेव्हा मी सुपात तांदूळ घेऊन निवडत बसले होते, आणि तो फोन मी मुद्दाम उचलला नाही. वाजू दे म्हटलं. तीन महिन्यांत तिच्याकडून आलेला हा पहिला फोन, तेव्हा वाट पाहणं म्हणजे काय ते तिलाही थोडं कळू दे. दुसऱ्यांदा वाजला, तोही वाजून वाजून थांबला. तिसऱ्यांदा उचलला तो 'झाली का आठवण' असं ठसक्यात विचारायच्या तयारीनेच. पण पलीकडे तिचे यजमान अशोकभाऊजी होते आणि त्यांना धड बोलता येत नव्हतं. प्रमिला गेली होती. आमच्या सिहोऱ्यातच, तिच्या घरी, गाण्याच्या खोलीत, हृदय बंद पडून. सत्तेचाळीस वर्षांची. माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी, आणि हे मोठेपण तिने जन्मभर वापरून घेतलं.

आता दीड महिना झाला. तिच्याविषयी चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. आरोग्य केंद्रातली नर्स म्हणून तिने किती बायांची बाळंतपणं निभावली, ते गाव सांगेलच. मी तिच्यावर आयुष्यभर जळले, आणि तिच्याइतकी जवळची मला दुसरी कोणी नव्हती. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून मी माझ्यापुरतं लिहिते.

आम्ही दोघी इथल्याच. लहानपणी विहारात संध्याकाळी गाणी व्हायची, त्यात प्रमिला पुढे आणि मी मागे, हे कोणी न ठरवता ठरून गेलं. गळा तिचा होता. माझ्याकडे होती झील. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते : पुढची बाई ओळ म्हणते, आणि तिचा दम संपत येतो त्या क्षणी मागचीने ते शेवटचे शब्द उचलून धरायचे, म्हणजे गाणं तुटत नाही आणि पुढचीला श्वास घ्यायला फुरसत मिळते. ऐकणाऱ्याला वाटतं, पुढचीचा दम किती दांडगा! शाबासकी तिला. झील धरणारीला चहा. पण कुठल्या शब्दावर प्रमिलाचा श्वास सरतो हे तिच्या आईलाही सांगता आलं नसतं, ते मला पाठ होतं. तिच्या खांद्याकडे पाहिलं की कळायचं. उजवा खांदा जरासा वर गेला, की मी उचललंच.

चाळिशीत तिने गिटार घेतली. मोबाइलवर बघून बघून शिकली, बोटांना घट्टे पाडून घेतले, आणि वर्षभरात स्वतःची गाणी करू लागली. मी बपेऱ्याच्या शाळेत शिकवून स्कूटीने परत यायची ती घरी जाण्याआधी तिच्याकडे. ती गिटारीवर तीन-चार कॉर्ड धरायची, मी मुखडा म्हणत राहायची. दहादा, वीसदा, तोच मुखडा. तोवर ती डोळे मिटून अंतऱ्याचे शब्द शोधायची. रोवण्यातल्या, चिखलात धान लावणाऱ्या बायांवर तिने एक गाणं केलं, त्याच्या एका कडव्यासाठी मी चार दिवस एकच ओळ घोळवली होती. कंटाळा यायचा, नाही असं नाही. मी तसं बोलूनही दाखवायची. 'किती वेळ वो, घशाले कोरड पडली.' आणि ती म्हणायची, 'अजून एकदा, सुनंदे.' त्या 'अजून एकदा'साठीच मी जात होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग तिच्या मुलाने, रोहितने, नागपूरहून ती डबी आणली. लूप पेडल. साबणाच्या डबीएवढं यंत्र, मध्ये पायाने दाबायचं एक बटण. पायाने दाबायचं, गिटारीवर कॉर्ड वाजवायच्या, पुन्हा दाबायचं, की वाजवलेला तेवढाच तुकडा परत परत वाजत राहतो. माणूस मोकळा. त्यावर हवं ते वाजवा, गा, शब्द शोधा. रोहितने माइकही जोडून दिला होता, त्यामुळे आवाजही त्यात भरता यायचा. सुरुवातीला प्रमिलाचा पाय समेवर पडायचा नाही, अर्धी मात्रा इकडे नाहीतर तिकडे, मग ती सगळी चाल दर फेरीला लंगडायची. मी मनापासून हसले. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून चिडवलंसुद्धा. पण प्रमिला ही प्रमिला. पंधरा दिवस सकाळी ड्युटीवर जाण्याआधी नुसता पाय दाबण्याचा सराव केला तिने. गिटार मांडीवर, डोळे पायाच्या अंगठ्याकडे. सोळाव्या दिवशी मी गेले तर खोलीत गिटार वाजत होती, तिच्यावर प्रमिलाच्याच आवाजात मुखडा चालला होता, आणि प्रमिला स्वतः खुर्चीत बसून वहीत लिहीत होती. तोंड मिटलेलं. मी दारातच उभी राहिले. माझ्या जागेवर ती बसलेली, तिच्या जागेवरही तीच.

"ये ना वो," ती म्हणाली. "पाहा, आता तुले रोजरोज घसा फोडाची गरजच नाही. शाळेतून थकून येतेस, घरी जात जा सरळ."

तिने ते प्रेमाने म्हटलं होतं. आज मी शपथेवर सांगेन की प्रेमानेच. पण माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या…

"गरज नाही म्हणते, तं नाही येत," मी म्हटलं, आणि हसून म्हटलं, म्हणजे तिला ते लागलंच नाही. तरी वर्षभर मी जात राहिले, आठवड्यातून एकदा, पाहुण्यासारखी. चहा प्यायचा, नवं गाणं ऐकायचं, छान आहे म्हणायचं. तिची गाणी खरोखर चांगली होऊ लागली होती, हे सगळ्यात वाईट. पूर्वी महिन्यात एक व्हायचं, आता तीन. ते यंत्र थकत नव्हतं, कुरकुरत नव्हतं, 'हा शब्द बरोबर नाही वाटत' असं म्हणत नव्हतं. घरी मी त्याला सवत म्हणायची. आमचे हे हसायचे, म्हणायचे, डबीवर कोणी जळते काय? जळते. माणसावर जळलं तर निदान भांडता तरी येतं.

या एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात तिने मला स्टेजवर ये म्हटलं नाही. विचारलंच नाही. मी तिसऱ्या रांगेत बसले. ती एकटीच उभी राहिली, पायाने बटण दाबलं, आणि मागे तिच्याच आवाजाची झील सुरू झाली. लोक चकित. एकटी बाई दोन आवाजांत गाते, म्हणून मोबाइल वर झाले. मी मात्र तिच्या उजव्या खांद्याकडे बघत होते, सवयीने. दुसऱ्या कडव्यात खांदा लवकर वर गेला. एक पूर्ण शब्द आधी. ती ओळ तिने कशीबशी संपवली. तिसऱ्या कडव्यात दोन शब्द आधी. यंत्राची झील मात्र जिथे ठरली होती तिथेच आली, आणि मध्ये एक भोक पडलं, एवढंसं, जे त्या मांडवात माझ्याशिवाय कोणाला ऐकू आलं नसेल. नर्स बाई, दुसऱ्यांच्या छातीला नळी लावणारी. तिचा दम का सरतोय हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला काय झालं ते लिहिते, कारण ते लिहिण्यासाठीच हा लेख आहे. मला आनंद झाला. मनात म्हटलं, जिरली! धरा आता डबीला. कार्यक्रम संपल्यावर तिला न भेटता मी घरी आले, आणि त्यानंतर तिच्याकडे गेलेच नाही. केंद्रासमोरून जाणारी वाट सोडून स्कूटी मागच्या, शेतांमधल्या पांदणीने काढायला लागले. तीन महिने. चिखलातून सुद्धा.

प्रमिलाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर माणसं पांगली, तेव्हा अशोकभाऊजी माझ्याजवळ येऊन बसले. त्यांना कोणाला तरी सांगायचं होतं. त्या सकाळी ते स्वयंपाकघरात चहा करत होते.

"आवाज देला मी, चहा झाला म्हणून," ते म्हणाले. "आली नाही. पण गाणं तं चालूच होतं ना, सुनंदाताई. गिटार बी, तिचा आवाज बी. मले वाटलं, बाई प्रॅक्टिस करून राहिली, कायले मधात बोलाचं. अर्धा तास… अर्धा तास गाणं चालूच होतं."

चहा गार झाला म्हणून ते कप घेऊन आत गेले, तेव्हा प्रमिला खुर्चीवरून खाली पडलेली होती आणि तिचा आवाज मुखडा म्हणत होता. पेडल कसं बंद करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी भिंतीतून वायर ओढली.

झीलकरीण पुढचीचा आवाज बंद पडला की थांबते, आणि तिची नजर सतत पुढचीवरच असते. मी त्या खुर्चीसमोर असते तर पहिल्याच ओळीला उठले असते. खरं तर मी एप्रिलमध्येच उठायला हवं होतं. यंत्राला तिचा श्वास ठाऊक नव्हता, त्याचा काय दोष. मला ठाऊक होता.

गेल्या आठवड्यात भाऊजींनी बोलावलं. खोली आवरायची होती, आणि गाण्यातलं मलाच कळतं म्हणाले. पेडल रोहित नेणार होता. नेऊ दे म्हटलं, त्याला हात लावायची इच्छाच झाली नाही. मी तिच्या वह्या घेऊन बसले. पहिल्यांदाच वाचत होते. ओळीच्या शेवटी, जिथे झील घ्यायची तिथे, तिने समासात बारीक खूण केलेली होती. जुन्या वह्यांमध्ये प्रत्येक ठिकाणी 'सु.' दोन-तीन ठिकाणी 'सु.ला विचारणे' असंही. मग पेडल आलं त्या महिन्यापासून 'पे.' पानंच्या पानं 'पे.' एक तरी 'सु.' सापडेल म्हणून मी सगळी वही चाळली, दोनदा चाळली. नव्हती. मेलेल्या मैत्रिणीच्या वहीत आपलं नाव शोधत बसलेली बाई कशी दिसत असेल, कोण जाणे.

शेवटचं गाणं अर्धंच होतं. मुखडा आणि एका अंतऱ्याच्या दोन ओळी. त्या दिवशी सकाळचंच असावं. समास कोरा होता. तिने तिथे काय लिहिलं असतं ते मला ठाऊक आहे, मी स्वतःला फसवत नाही. भाऊजी पाणी आणायला आत गेले होते. मी पर्समधून शाळेचा लाल पेन काढला, ओळी मनात म्हणून पाहिल्या, तिचा दम कुठे सरला असता ते शोधलं. एप्रिलमधला दम धरला, पूर्वीचा नाही. म्हणून खूण दोन शब्द आधी केली, आणि तिथे लिहिलं, सु.