घटातली माती

पिंपरीला कारखाना आला आणि आमचं रान त्यात गेलं. त्याच कारखान्याच्या कचेरीत मला नोकरी लागली, कारण आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिला माणूस मी. शेतकीची पदवी होती, हे मी कुणी न विचारताही सांगत असे. राहायला क्वार्टर मिळाली. आई हौसेने आली. आबा आले ते भिंतीकडे तोंड करून निजले. आधी अर्धी भाकरी खायचे, मग चतकोरावर आले. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, हाताला काम द्या.

भाद्रपद निम्मा सरला होता. पाऊस उघडला होता, भाजी टाकायचे हेच दिवस. क्वार्टरमागची पट्टी मी सुट्टीच्या दिवशी खणली, मेथी-मुळ्याचं बी आणलं आणि आबांना हाताला धरून बाहेर नेलं. त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"चुना हाय हितं."

होताच. गवंड्यांनी बांधकामाचा चुना तिथेच भिजवला होता. पण चुन्याने जमीन सुधारते, हे मी कॉलेजात शिकलो होतो. ते आंबट जमिनीपुरतं, आमच्या काळ्या मातीत चुना मुळातच भरपूर, हेही शिकलो होतो. ते त्या वेळी आठवलं नाही, किंवा आठवून घेतलं नाही म्हणा. मी त्यांना पुस्तकातलं समजावून सांगितलं.

"आसंल बाबा. शिकलेला तू हायेस," ते म्हणाले, आणि बी त्यांनीच टाकलं.

उगवलं ते विरळ आणि पिवळं. आबा रोज सकाळी बादलीने पाणी घालत, ऊन चढेस्तोवर तिथेच बसत. तेवढ्यावर मी आशा धरली. शेणखत आणून घातलं. मेथी काही हिरवी होईना.

नवरात्र आलं. घटाला माती आपल्याच रानातली लागते. रानात आता पाये खणले होते आणि फाटकावर पहारेकरी होता. आई कोड्यात पडली. आबा उठले, टोपली घेऊन मागे गेले आणि त्याच पट्टीतली माती भरून आले. मी म्हणालो, थांबा, नदीकाठची चांगली काळी आणतो.

"ती आपली न्हाई," आबा म्हणाले.

नऊ दिवसांत वीतभर वाढायचं धान बोटभरही झालं नाही. घटावरून येत्या पिकाचा अंदाज बांधतात. आमच्यात त्या वर्षी कुणी बांधला नाही. दसऱ्याला आबांनी ते खुरटे कोंब पागोट्यात खोवले आणि शेजारीपाजारी सोनं वाटत फिरले. कोंब कुठले, असं कुणी विचारलं की सांगत, "पोराच्या रानातलं हाय."

एकदा तरी त्यांनी मला शिवी द्यायला हवी होती.

दुपारी पुरणपोळीचा एक घास खाऊन त्यांनी ताट सरकवलं. पागोटं खुंटीला अडकवलं आणि भिंतीकडे वळले. आई माझ्याकडे बघत राहिली. मी मागे गेलो, बादली भरली आणि मेथीला पाणी घातलं.