पन्नास घोडे, चौतीस घोडे आणि मसाफीचा चढ

‘शारजाच्या एका गाडीवाल्याने घोडे काढून घेतलेली मोटारसायकल माझ्या मुलाच्या गळ्यात बांधली होती. मी आवाज उठवला, तेव्हा कुठे त्याने इंजिनातला अडसर काढून दिला. दुसऱ्याच दिवशी मसाफीच्या घाटात मागच्या सीटवर बसून मी तो फरक स्वतः अनुभवला. गाडी कसली, वारूच तो! आमचे व्याही आयुष्यभर इंजिने शिकवत आले. पण त्यांच्या पोथीत हे नव्हते.’

आमचे व्याही माधवराव यांनी आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक अंकात आमच्या दुबई प्रवासाचे हे असे वर्णन छापले आहे, आणि अंकाची एक प्रत मला सप्रेम धाडली आहे. माझ्या पोथीवर कोणी हसले तर हसो. पण ज्या गाडीवाल्यावर त्यांनी फसवणुकीचा शिक्का मारला, तो माणूस मला ठाऊक आहे. म्हणून तोच प्रवास मी पुन्हा, जसा घडला तसा लिहीत आहे.

गोष्ट दोन हजार सालानंतरच्या एका जानेवारीतली. मी सांगलीहून आणि माधवराव पुण्याहून, असे दोघेही एकाच आठवड्यात दुबईला उतरलो. माझी मुलगी सुलभा आणि जावई प्रशांत अल मनखूल भागात राहतात. त्यांच्या इमारतीखालच्या दुकानात कढीपत्ता मिळतो, गिरणीचे ताजे पीठ मिळते आणि मराठीत बोलले तर मराठीत उत्तरही मिळते. परदेशी आल्याचे जाणवावे ते फक्त दुपारच्या पांढऱ्या उन्हामुळे.

इमारतीच्या तळघरात प्रशांतची नवी हौस उभी होती. पाचशे सीसीची, दोन सिलिंडरची, लाल रंगाची जपानी मोटारसायकल. जर्मनीत वापरलेली आणि तिथून कंटेनरमधून आलेली. ती त्याने शारजाच्या औद्योगिक वसाहतीत जुन्या गाड्या विकणाऱ्या हुसैनभाईंकडून घेतली होती. हुसैनभाई मूळचे रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे. प्रशांत इथे नवा आला तेव्हा वर्षभर दोघे एकाच खोलीत राहिले होते. प्रशांतला कावीळ झाली, तेव्हा त्याला पेज करून घालणारा हाच माणूस.

भांडण लागले ते गाडीच्या जर्मन कागदावरून. माधवरावांनी चष्मा चढवला आणि बोट ठेवले. “पंचवीस! अण्णासाहेब, पंचवीसच घोडे! आणि प्रशांत म्हणतो पन्नास.”

“बाबा, इंटरनेटवर या मॉडेलला फिफ्टीच दाखवतात,” प्रशांत म्हणाला. “अण्णा, मग ॲक्च्युअल काय?”

मी सांगितले ते असे. कागदावरचे पंचवीस हे किलोवॉट आहेत, घोडे नव्हेत. एका किलोवॉटचे साधारण एक पूर्णांक छत्तीस शतांश घोडे होतात, म्हणजे पंचवीसाचे झाले चौतीस. जर्मनीत नव्या परवानेधारकाला पहिली दोन वर्षे चौतीस घोड्यांपर्यंतचीच गाडी चालवता येते. त्यासाठी वेगळे इंजिन कोणी बनवत नाही. त्याच पन्नास घोड्यांच्या इंजिनाच्या श्वासनळीत, म्हणजे कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये, अरुंद भोकाच्या दोन कड्या बसवतात. इंजिन वेगाने फिरू लागले की त्याला हवा कमी पडते आणि ताकद चौतीसावर थांबते. कड्या काढल्या की पुन्हा पन्नास. यात लबाडी नाही, कायदा आहे.

“पण आमच्या मुलाला कोणी सांगितलं?” माधवराव गरजले.

प्रशांतने जरा आठवून पाहिले. “हुसैनभाई म्हणाले होते, ही शिकाऊ लायसन्सची जर्मन गाडी आहे. मला वाटलं, आधीचा मालक शिकाऊ होता.”

“बघा! असं मोघम बोलायचं आणि माल खपवायचा!”

दोन दिवसांत माधवरावांनी ही फसवणूक मराठी मंडळींच्या हळदीकुंकवापर्यंत पोहोचवली. हुसैनभाईंकडून गाडी घ्यायला निघालेल्या दोन घरांनी बेत रद्द केला. त्या धंद्यात माणसाचे नाव हेच भांडवल असते. प्रशांतने ओशाळून हुसैनभाईंना फोन केला. ते एवढेच म्हणाले, “गुरुवारी गाडी पाठव. कड्या काढून देतो. त्यात काय एवढं?”

गुरुवारी सकाळी गाडी गेली आणि संध्याकाळी चकचकीत होऊन परत आली. दुकानाच्या ड्रायव्हरने चावी वॉचमनच्या हाती दिली आणि तो निघून गेला.

शुक्रवारी पहाटे आम्ही खोरफक्कानला निघालो. प्रशांत मोटारसायकलवर, आणि मागे सुलभाच्या मोटारीत आम्ही दोघे व्याही. इथल्या मोटारींत वेग एकशेवीसच्या वर गेला की टुणटुण घंटी वाजते. ती वाजली की सुलभा म्हणे, “सॉरी, अण्णा,” आणि पाय सैल करी.

शारजा मागे पडल्यावर वाळूचा रंग बदलू लागला. आधी फिकट, मग धैदजवळ चक्क विटेसारखा तांबडा. मधूनच घाफची झाडे (आपल्या शमीच्या जातीची), आणि त्यांच्या तुटपुंज्या सावलीत उंट. हे उंट रस्त्याकडे अशा तुच्छतेने पाहतात की आपण उगाच ओशाळतो.

धैदला एका मल्याळी हॉटेलात करक (आपलाच कडक चहा, वेलची घातलेला) आणि परोठा घेतला. “एका दिरहमचा चहा, म्हणजे तेरा रुपये!” हा हिशेब माधवरावांनी मोठ्याने सांगितला आणि दुसरा कप मागवला. मग त्यांनी जाहीर केले, “आता मी मागे बसणार. पन्नास घोडे काय असतात ते बघू.”

“बाबा, तुमची पाठ...”

“पाठ माझी आहे.”

त्यांनी सुलभाचे हेल्मेट चढवले, मफलर गुंडाळला आणि ते मागे बसले. पुढे हजर नावाच्या पर्वताच्या तपकिरी, ओबडधोबड रांगा दिसू लागल्या. झाड नाही, गवत नाही, जणू डोंगर सोलून ठेवले आहेत. खाली वादी (डोंगरातला कोरडा ओढा), तिच्यात खजुरांची एखादी हिरवी ओळ. रस्ता सावकाश चढत जातो. त्याला घाट म्हणणे हा सह्याद्रीचा अपमान आहे, पण लेखात घाट म्हटले आहे. तिथेच माधवरावांचा मफलर उडाला. सुलभाने मोटार कडेला घेतली आणि एका काटेरी झुडपातून तो मी सोडवून आणला. लेखात हा प्रसंग नाही.

मसाफीच्या शुक्रवारच्या बाजारात गालिच्यांच्या दुकानापुढे दोघे आमची वाट पाहत उभे होते. माधवरावांचा चेहरा लाल झाला होता.

“अण्णासाहेब, काय ओढ होती! पाठीला अस्सा धक्का! हे पन्नास घोडे. आधी नुसतं खेचर होतं.”

“माधवराव, तुम्ही कोणत्या गिअरमध्ये चढलात?”

“मला काय विचारता? अनुभवाला गिअर नसतो.”

मी प्रशांतकडे पाहिले. “तिसऱ्यात, अण्णा. साठच्या आसपास.”

मग मी गालिच्यांसमोर उभा राहूनच बोललो. कागदावरचे घोडे हे इंजिन जवळजवळ किंचाळत असतानाचे असतात. साठाच्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन त्याच्या निम्म्यानेच फिरते. तेवढी हवा अरुंद कडीतूनही सुखाने जाते. कड्या असोत वा नसोत, त्या चढावर गाडी सारखीच ओढणार. पाठीला धक्का बसला तो रस्त्याच्या सांध्याचा.

“हबीबी, कार्पेट?” दुकानदार पठाणाने मध्येच विचारले.

“यांना द्या,” माधवराव म्हणाले. “यांना उडायला लागेल. इंजिन तर यांच्या पोथीत अडकलंय.”

पठाण हसला. सुलभाही हसली. प्रशांत मात्र हसला नाही.

खोरफक्कानला समुद्र निळाशार होता आणि डोंगर थेट पाण्यापर्यंत आले होते. किनाऱ्यावरच्या हॉटेलात तव्यावरची सुरमई उत्तम होती. तिथे हात धुताना प्रशांत हळूच म्हणाला, “अण्णा, तुम्ही थिअरी सांगता. पण बाबांना फरक जाणवला. आणि खरं सांगू, मलाही जाणवला. एवढा फरक होता, तर हुसैनभाईंनी मला नीट सांगायला हवं होतं. एका ताटात जेवलोय आम्ही. उद्या सकाळी दुकानात जाऊन गाडी परत करतो. खलास.”

माझे म्हणणे मला पटलेले होते. पण पाठीच्या साक्षीपुढे गणित चालत नाही, हेही वर्गात मी बरेचदा पाहिले होते. परतीच्या वाटेवर माधवराव मोटारीत झोपले. त्याच रात्रीच्या विमानाने ते मुंबईला गेले.

मी आठवड्याने निघालो. विमानतळावर मला पोहोचवायला प्रशांतबरोबर हुसैनभाईही आले होते आणि माझी बॅग दोघांतल्या कोणी उचलायची यावरून ते भांडत होते. वर गेल्यावर खाली दिव्यांची रांग दिसली, मग काळा समुद्र. मनात आले, माणसे यंत्राला अंक चिकटवतात आणि मग यंत्राऐवजी अंकच चालवू लागतात. अंक कळला की पाठही तसे सांगू लागते. एवढ्यावर एका माणसाची दानत तोलायची नसते. माधवरावांना मी हे पत्राने कळवले होते. उत्तर म्हणून त्यांचा लेख आला. तेव्हा वादाचा निकाल ज्या गोष्टीने लागतो, ती आता सांगतो. ती खोरफक्कानच्या दुसऱ्या दिवशीची, शनिवारी सकाळची आहे.

प्रशांत आणि मी शारजाला पोहोचलो तेव्हा हुसैनभाई दुकानाचे शटर उचलत होते. प्रशांतने चावी त्यांच्यापुढे धरली. “एवढा फरक होता, तर मला आधी का नाही सांगितलं, हुसैनभाई?”

“कसला फरक?”

“कड्या काढल्याचा. कालच मसाफी चढलो. बाबा मागे होते.”

हुसैनभाईंनी त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग पाना घेतला, पेट्रोलची टाकी बाजूला केली, कार्बोरेटर मागे ओढले आणि प्रशांतचे बोट धरून आत लावले. दोन्ही कड्या आपापल्या जागी होत्या.

“काल सकाळी घरी फोन केला होता, तुम्ही निघून गेलेले,” ते म्हणाले. “मेकॅनिक बुधवारपासून गावाला आहे. गुरुवारी गाडी आम्ही नुसती धुतली.”