तेल बदलावं की नाही

आत्माराम भोईटेकडे पिकअप ट्रक आहे हे कळलं की स्टुटगार्टमधली मराठी मंडळी आधी हसायची, आणि घर बदलायची वेळ आली की त्यालाच फोन करायची. सोफे, वॉशिंग मशीन, गणपतीच्या मखराच्या फळ्या, एकदा तर एक अख्खा पियानो त्या गाडीतून गेला होता. पण आत्मारामने ती घेतली होती सफरचंदांसाठी. एस्लिंगेनच्या वर, द्राक्षमळे संपून रान सुरू होतं तिथे उतारावर त्याने जमिनीचा एक तुकडा भाड्याने घेतला होता. त्यात चौदा जुनी झाडं. अशा तुकड्याला तिकडचे लोक ‘श्ट्युकले’ म्हणतात आणि तो नीट सांभाळणाऱ्या माणसाकडे जरा आदराने बघतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पोती भरायची, पिकअपमध्ये टाकायची आणि खालच्या गावातल्या मोस्टेरायमध्ये नेऊन त्यांचा रस काढून आणायचा, हा त्याचा आठ वर्षांचा नेम होता.

आत्माराम मूळचा साताऱ्याचा. डिप्लोमा करून तिथल्या एमआयडीसीत गिअर कापायच्या मशिनवर लागला. नव्व्याण्णव साली कंपनीने सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला जर्मनीत पाठवलं, आणि त्या सहा महिन्यांची पंचवीस वर्षं झाली. आता तो एका पुरवठादार कंपनीत गिअरबॉक्स तपासायच्या टेस्ट बेंचवर होता. काचेच्या पलीकडे गिअरबॉक्स फिरायचा आणि हा अलीकडे कानाला हेडफोन लावून ऐकत बसायचा. कुठला दात खरचटलाय हे स्क्रीनवर आकडे यायच्या आधी सांगायचा. नवीन आलेले इंजिनिअर त्याला ‘आमचा डॉक्टर’ म्हणायचे.

त्या वर्षी सप्टेंबरातल्या एका शनिवारी तो आणि त्याची बायको प्रभा झाडं बघायला निघाले होते. प्रभाच्या मांडीवर पोह्यांचा स्टीलचा डबा होता. गाडी साठाच्या आसपास आली आणि डब्याचं झाकण कडकडायला लागलं.

“अहो, रस्ता खराब आहे का इथला?”

“नाही. का?”

“मग गाडी कशाने थरथरतेय?”

आत्मारामने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. महिनाभर त्याला ती थरथर जाणवत होती. हलक्या ॲक्सिलरेटरवर, साठ ते सत्तरच्या मध्येच यायची, दोन-तीन सेकंद टिकायची आणि निघून जायची. दुसऱ्या कुणाच्या गाडीचं असतं तर त्याने तिथल्या तिथे सांगितलं असतं, की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल थकलंय, आतला क्लच नीट धरत नाहीये. स्वतःच्या गाडीबद्दल मात्र तो महिनाभर, जाऊ दे, थंडीमुळे असेल, असं म्हणत आला होता. सप्टेंबरात कसली थंडी!

गाडी अकरा वर्षांची होती. एक लाख बहात्तर हजार किलोमीटर चाललेली, आणि गिअरबॉक्सचं तेल एकदाही बदललेलं नाही.

सोमवारी तो नेहमीच्या सर्व्हिस सेंटरला गेला. काउंटरवरच्या माणसाने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. “हे तेल आयुष्यभरासाठी भरलेलं असतं, हेर भोईटे. आमच्या यादीत ते बदलायचं कामच नाही. आणि खरं सांगू? एवढ्या किलोमीटरनंतर हात लावू नका. जुन्या घाणीच्या आधारानेच गिअरबॉक्स चाललेला असतो. नवीन तेल घातलंत आणि महिन्याभरात बसला, तर आम्ही जबाबदार नाही.”

मंगळवारी तो कोस्तासकडे गेला. कोस्तास ग्रीक, साठीचा. औद्योगिक वसाहतीत त्याचं छोटं गॅरेज, तिथे फक्त गिअरबॉक्सचीच कामं. त्याने गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि म्हणाला, “आल्झो, तर मग, आयुष्यभर म्हणजे कुणाचं आयुष्य? बदला. आणि लवकर बदला.”

दोघंही आपापल्या जागी अगदी चूक नव्हते, हे आत्मारामला ठाऊक होतं आणि पंचाईत तीच होती. कोस्तासला त्याने “कळवतो” असं सांगितलं आणि परत आला. कळवलं काही नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. वरच्या झाडांखाली फळं पडायला लागली.

या चालढकलीचं कारण प्रभाला माहीत होतं.

स्टुटगार्टमध्ये आल्यावर फाइहिंगेन भागातल्या ज्या इमारतीत ते राहायचे, तिथे वरच्या मजल्यावर हृषिकेश गोगटे राहायचा. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, आत्मारामहून तीन वर्षांनी लहान. दहा वर्षं दोघांचं एकमेकांवाचून पान हललं नाही. मुलांची बारशी, पहिले पासपोर्ट, आजारपणं, सगळं एकत्र. मग हृषिकेशला बाड हॉम्बुर्गला नोकरी लागली, तो तिकडे गेला, पण फोन रोज असायचा. दोन हजार अकराच्या जुलैत त्याने असाच एक फोन केला. त्याची मोठी फॅमिली व्हॅन होती, ऑटोमॅटिक. गॅरेजवाला तेल बदलू म्हणतोय, तू काय सांगतोस? आत्माराम तेव्हा टेस्ट बेंचवर कामात होता. तो एका वाक्यात म्हणाला, “डोळे झाकून बदलून टाक.”

बरोबर दहा दिवसांनी ऑस्ट्रियातल्या घाटात ती व्हॅन उभी राहिली. पुढचा गिअर पडेना, मागचा पडेना. आत हृषिकेश, त्याची बायको वैभवी, दोन मुलं आणि पुण्याहून पहिल्यांदाच युरोप बघायला आलेल्या सासूबाई. सहा तास रस्त्याच्या कडेला. तिथूनच हृषिकेशने फोन केला आणि आत्मारामला जे बोलायचं ते बोलला. शेवटी म्हणाला, “तुझं ऐकलं, ही माझी चूक.” आत्मारामने उलटून एक शब्द काढला नाही. त्यानंतर तेरा वर्षं दोघांमध्ये फोन नाही. बायका तेवढ्या दिवाळीला एकमेकींना मेसेज पाठवायच्या. त्या दिवसापासून आत्मारामने कुणालाही, कुठल्याही गाडीबद्दल सल्ला दिला नाही. विचारलं की म्हणायचा, “गॅरेजमध्ये दाखवा.”

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी जेवणं झाल्यावर प्रभाने विषय काढला.

“फळं सडायला लागलीत. गाडी वर चढणार आहे की नाही?”

“बघतो.”

“काय बघता? दोन माणसांना विचारून झालं. आता ज्याला विचारायला पाहिजे त्याला विचारा.”

“कुणाला?”

“हृषिकेशभाऊजींना. त्यांच्या गाडीचं तेल कसं निघालं होतं, एवढं तरी विचारलंत का तुम्ही कधी?”

नव्हतं विचारलं. ना सल्ला देताना, ना नंतर. आत्माराम बराच वेळ गॅलरीत उभा राहिला. मग आत येऊन त्याने प्रभाच्या फोनवरून वैभवीकडे नंबर मागितला आणि लावला. तिसऱ्या रिंगला हृषिकेशने उचलला.

“हॅलो, कोण?”

“आत्माराम बोलतोय.”

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

“बोल,” हृषिकेश म्हणाला. “सगळं ठीक ना? वहिनी बऱ्या आहेत ना?”

“हो, हो. सगळे बरे आहेत. मला एक विचारायचं होतं. जुनं आहे. तुझी ती व्हॅन. तेल बदललं तेव्हा तू गॅरेजमध्ये होतास?”

फोन कट झाला की काय म्हणून आत्मारामने स्क्रीन बघितली.

“होतो,” शेवटी तो म्हणाला.

“तेल कसं होतं?”

“काळं. डांबरासारखं. आणि जळका वास येत होता. त्या माणसाने ट्रे दाखवला मला. खाली चमचाभर धातूचा कीस पडला होता. आत्माराम, तो मला म्हणाला होता. हा गिअरबॉक्स गेलेला आहे, याला घेऊन लांब जाऊ नका. मी म्हटलं, हॉटेलं बुक आहेत, आई पहिल्यांदाच आल्यात. आणि निघालो.”

आत्मारामने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“वैभवीलाही सांगितलं नव्हतं,” हृषिकेश पुढे म्हणाला. “घाटात सगळे माझ्याकडे बघत होते. मी तुझं नाव घेतलं. मग रोज वाटायचं, फोन करावा. आज करू, उद्या करू. पहिलं वर्ष गेलं, आणि मग कुठल्या तोंडाने करणार?”

“तुझा गिअर आधीपासून घसरत होता?”

“दोन महिने.”

“मी विचारायला हवं होतं,” आत्माराम म्हणाला. “एवढंच विचारलं असतं तरी मी तुला निघू दिलं नसतं. मी ऐकूनच घेतलं नाही, कामात होतो.”

“अरे, पण...”

“तुझं तुझ्याकडे, माझं माझ्याकडे. सासूबाई कशा आहेत?”

“मजेत आहेत. ब्याऐंशी. सगळ्या युरोपात त्यांना तो घाटच आवडला, माहीत आहे? गायी, घंटा, आणि कुणीतरी शेतकऱ्याने आणून दिलेलं दूध. अजून पुण्यात सगळ्यांना सांगतात.”

दोघंही हसले. आधी जरा बेतानेच, मग नीट. प्रभा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी आत्माराम अर्धी रजा टाकून कोस्तासकडे गेला. “बदलायचं की नाही ते मी नंतर सांगतो,” तो म्हणाला. “आधी थोडं काढून दाखव.”

कोस्तासने गाडी वर घेतली आणि पेलाभर तेल पांढऱ्या भांड्यात काढलं. आत्मारामने ते बोटांवर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. गडद तपकिरी, पातळ झालेलं. पण जळका वास नव्हता. मग खालचा ट्रे उघडला. आतल्या चुंबकांवर करड्या रंगाचा मऊ लेप बसला होता, काजळासारखा. त्याने तो फडक्यावर पुसून बॅटरीच्या उजेडात फिरवून फिरवून बघितला. एकही कण चमकला नाही.

“हा झिजलाय, मेलेला नाही,” तो म्हणाला.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” कोस्तास म्हणाला. “मग?”

“बदल. पण मशीन लावून धुऊ नको. जेवढं आपोआप निघेल तेवढंच काढ, फिल्टर नवीन टाक. हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा करू.”

कोस्तासने त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. “तुम्ही काय काम करता, हेर भोईटे?”

“गिअरबॉक्स ऐकतो,” आत्माराम म्हणाला.

कोस्तासने त्याला एक स्टूल दिलं आणि काम होईपर्यंत शेजारी बसू दिलं. गरम तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून मोजताना थर्मामीटर आत्मारामनेच धरला. पहिले दोन दिवस गाडी जरा गोंधळल्यासारखी गिअर टाकत होती, तिसऱ्या दिवसापासून सरळ चालायला लागली. साठ आले, सत्तर आले, थरथर नाही. आत्मारामने तरी महिनाभर रेडिओ लावला नाही.

फोनवर ठरलं होतं तसा त्याच शनिवारी हृषिकेश आला. एकटाच, ट्रेनने, पाठीवर सॅक आणि हातात वैभवीने दिलेल्या चकल्यांची पिशवी. केस पूर्ण पांढरे झालेले. स्टेशनवर दोघांनाही मिठी मारावी की हात मिळवावा ते कळेना, तेव्हा प्रभानेच, “चला, ऊन आहे तोवर,” म्हणून त्यांना गाडीत बसवलं. चढणीवर हृषिकेश कान देऊन ऐकत होता, पण त्याला काही कळत नव्हतं, आणि ते त्याने कबूल केलं.

दिवसभर तिघांनी फळं वेचली. हृषिकेशची कंबर दर दहा मिनिटांनी धरायची. जुन्या गोष्टी निघाल्या, काही मुद्दाम निघाल्या नाहीत. अकरा पोती झाली. मोस्टेरायमध्ये रांग होती. पुढचे म्हातारे आत्मारामला नावाने ओळखत होते, आणि त्यांच्या त्या जाड श्वाबिश बोलीत तो त्यांना उत्तरं देतोय हे बघून हृषिकेश चाटच पडला.

“तू हे कधी शिकलास?”

“तेरा वर्षांत बरंच काही झालं,” आत्माराम म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि हृषिकेशनेही तो शोधला नाही.

नळातून पहिला रस आला तेव्हा प्रभाने तिघांसाठी ग्लास भरले. कोमट, गढूळ, गोड. हृषिकेशने दोन ग्लास उभ्याउभ्याच संपवले आणि तिसरा मागितला.