आईच्या गठ्ठ्यातला शेवटचा पेपर

घाटातून आणलेली फांदी आज प्रयोगशाळेत वाळत घालायला घेतली. झाडपाल्यात कर्करोगावर औषध सापडतं का, हे शोधणं माझं काम. प्रत्येक झाडाची एक फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवायची आणि ओला झालेला कागद रोज बदलायचा, नाहीतर बुरशी धरते. त्यासाठी आई रद्दीवाल्याला दारातूनच परत पाठवायची आणि सगळे पेपर सुतळीनं बांधून मला द्यायची.

आज तिच्या गठ्ठ्यातला शेवटचा पेपर हातात आला. कडेला पेन्सिलीनं तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘सकाळची गोळी घेतली. उलटी नाही.’

आईला कर्करोग झाला होता त्या दिवसांत माझ्या काचेच्या बशीत त्याच रोगाच्या पेशी रोज मरत होत्या. त्यात कसलं कौतुक? बशीतल्या पेशी फिनाइलनंही मरतात. माणसाला धक्का न लावता त्या मारायच्या, तर वर्षं जातात. आईनं एकदाच विचारलं, “माझ्यापर्यंत पोचेल का गं तुझं औषध?” मग तीच म्हणाली, “असू दे. घाई करू नकोस. कच्चं काही कुणाच्या पोटात जाऊ देऊ नकोस.”

हा एक पेपर घरी न्यावा, कपाटात जपून ठेवावा, असं फार वाटलं. पिशवीत घातलाही. मग बाहेर काढला आणि फांदी त्याच्यावरच पसरली. तिनं तो त्यासाठीच ठेवला होता.